मासे मोजले, गाभोळी कोण मोजणार? युकॉनच्या किंग सॅमनवरचा एक पेपर वाचताना

"पेपर क्रिटिकली वाचा" असं प्रत्येक गाइड सांगतो. कसं वाचायचं, ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, क्रिटिकली म्हणजे चुका काढत वाचायचं. म्हणून प्रत्येक पेपरच्या नोंदीखाली मी ठरलेलं वाक्य लिहायचे: "सॅम्पल साइज कमी आहे." ही सवय मोडली ती एका पेपरमुळे. त्याचा सॅम्पल साइज होता 1 कोटी 25 लाख. आता काय लिहिणार?

तोच पेपर आज आपण वाचू. मी मत्स्यविज्ञानाची विद्यार्थिनी नाही, मोजमापाच्या पद्धतींवर काम करते. तुमचाही विषय मासे नसेल, तरी थांबा. यात जो पेच आहे तो शिक्षण, आरोग्य, शेती, कुठल्याही विषयात तुमच्यासमोर येणार आहे.

आधी नदी

युकॉन ही उत्तर अमेरिकेच्या अगदी वरच्या भागातली नदी. कॅनडात उगम पावते, अलास्का आडवा कापत जाते आणि बेरिंग समुद्राला मिळते. लांबी जवळजवळ 3,200 किलोमीटर. हिवाळ्यात गोठलेली असते. उन्हाळ्यात बर्फ फुटला की समुद्रातून सॅमन वर चढायला लागतात. त्यातला सर्वांत मोठा म्हणजे चिनूक. नदीकाठची माणसं त्याला 'किंग' म्हणतात. दुसरा चम, जो माणसांच्या ताटात जातो तसाच बर्फावरची गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या पोटातही जातो. शिवाय कोहो आहे, व्हाइटफिश, शीफिश, पाइक, बर्बट आहेत. पण या नदीचं कॅलेंडर किंगच्या येण्यावर चालत आलं आहे.

किंग नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन काही वर्षं वाढतो आणि साधारण पाच-सहा वर्षांचा झाला की जन्माच्या ओढ्याकडे परत निघतो. वाटेत काही खात नाही. काही किंग तर 3,000 किलोमीटर वर जातात, तेही अंगातल्या चरबीवर. अंडी घालतात आणि मरतात. म्हणूनच युकॉनचा किंग इतका तेलकट असतो, आणि म्हणूनच तो धुरावर सुकवून हिवाळाभर टिकतो.

मुखाकडे युपिक लोक राहतात, वर अथाबास्कन. उन्हाळ्यात कुटुंबं नदीकाठच्या फिश कॅम्पवर जातात. मासे धरायला जाळी असतात, किंवा फिश व्हील असतं. फिश व्हील म्हणजे आपल्या रहाटासारखं, प्रवाहाच्या जोरावर फिरणारं चाक, ज्याच्या टोपल्यांत मासा उचलला जातो. आजी मासा चिरते, नातवंडं काड्यांवर पट्ट्या टांगतात. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पेपर काय सांगतो

2020 साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये क्रिस्टा ओक आणि सहकाऱ्यांचा हा पेपर आला. (ओक आडनाव बघून दचकू नका, त्या आपल्याकडच्या नाहीत.) त्यांनी 1957 ते 2018 या काळात अलास्काभर मोजलेल्या चार जातींच्या सॅमनची लांबी एकत्र केली. प्रश्न साधा होता: सॅमन लहान होतायत का?

उत्तर: हो. 1990 आधीची सरासरी आणि 2010 नंतरची सरासरी यांची तुलना केली, तर किंगची लांबी 8 टक्क्यांनी घटली आहे. कोहोची 3.3, चमची 2.4, सॉकायची 2.1.

तुम्ही म्हणाल, आठ टक्के म्हणजे काय मोठंसं? इथे जरा कागद-पेन्सिल घ्या. लांबी 8 टक्क्यांनी कमी झाली म्हणजे 0.92 पट उरली. पण वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे बदलतं. 0.92 चा घन 0.78. म्हणजे वजन जवळजवळ 22 टक्क्यांनी गेलं. पेपरमधले लेखक हा धागा आणखी पुढे नेतात. त्यांच्या अंदाजाने दर किंगमागे अंडी 16 टक्क्यांनी, समुद्रातून नदीत येणारी पोषकद्रव्यं 28 टक्क्यांनी, व्यावसायिक मासेमारीतली किंमत 21 टक्क्यांनी आणि गावातल्या माणसांची जेवणं 26 टक्क्यांनी घटली.

काय उत्तम आहे

आधी श्रेय देऊ. समीक्षेत हे आधी करावं, नाहीतर पुढच्या आक्षेपांना वजन राहत नाही.

पहिलं, हा डेटा नव्याने गोळा केलेला नाही. साठ वर्षं हंगामी कर्मचारी नदीकाठी बसून प्रत्येक माशाची लांबी मोजत होते आणि खवले काढून ठेवत होते. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, त्यावरून वय कळतं. ही कंटाळवाणी कामं कुणीतरी नीट केली म्हणून हा पेपर उभा राहिला. तुमच्या विभागातही अशी रजिस्टरं धूळ खात पडली असतील, बघा.

दुसरं, लेखकांनी "लहान" या शब्दाची फोड केली. मासा लहान दिसतो याचे दोन अर्थ होतात: त्याच वयाचा मासा आता कमी वाढतो, किंवा मासे कमी वयातच परत येतात. पेपरचा निष्कर्ष असा की मुख्य कारण दुसरं आहे. नदीत म्हातारे मासे दिसेनासे झालेत. ही फोड केली नसती, तर सगळा पेपर "मासे लहान झाले" या बातमीवर संपला असता.

तिसरं, कारणांबाबत त्यांनी जीभ आवरली आहे. हवामान आणि समुद्रातली स्पर्धा, विशेषतः पिंक सॅमनची प्रचंड संख्या, यांचा घटीशी संबंध दिसतो असं ते म्हणतात. यांच्यामुळेच घट झाली असं म्हणत नाहीत.

मग आक्षेप काय?

माझ्या पहिल्या चॅप्टरच्या मसुद्यावर गाइडनी समासात एकच प्रश्न लिहिला होता: "हे कशाने मोजलं?" तोच प्रश्न इथे विचारू.

मासा जाळ्यात सापडला तरच मोजला जातो, आणि जाळं निवड करतं. आस, म्हणजे जाळ्याच्या घराचा आकार, मोठी असेल तर लहान मासा निसटतो. युकॉनवर किंगसाठी साडेआठ इंची आसाची जाळी सर्रास वापरली जायची. 2011 पासून अलास्कात साडेसात इंचांहून मोठी आस वापरायला बंदी आली, नेमकी मोठे मासे वाचावेत म्हणून. म्हणजे आधीच्या दशकांत आपण मोठे मासे जास्त धरत होतो आणि नंतर कमी. नुसती जाळी बदलली तरी "सरासरी लांबी घटली" असं दिसू शकतं.

मग पेपर फेटाळायचा का? नाही. आक्षेप सुचला की तोही तपासायचा असतो. सगळा दोष जाळ्याचा असता, तर वेगवेगळ्या पद्धतीने धरलेल्या चार जातींत, अलास्काच्या इतक्या दूरदूरच्या भागांत एकाच दिशेची घट दिसली नसती. शिवाय वयाची रचनाही सोबत बदललेली दिसते. त्यामुळे घट खरी आहे. पण एखाद्या एका नदीसाठी नेमका आकडा वापरायचा असेल, तर त्या नदीतल्या जाळ्याचा इतिहास बघितल्याशिवाय वापरू नका. अलास्काची सरासरी ही युकॉनची सरासरी नव्हे.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. या पेपरमधली सगळी टक्केवारी *दर माशामागे* आहे. म्हणजे मासे तेवढेच आले असं धरून, प्रत्येक मासा लहान असल्याने काय गेलं, एवढंच ते सांगतात. हे पेपरमध्ये लपवलेलं नाही. पण युकॉनवर मासे तेवढे आलेच नाहीत. आणि इथे पेपरमधला सर्वांत महत्त्वाचा आकडा, अंड्यांची 16 टक्के घट, लेखक जिथे सोडतात तिथून पुढे न्यायला हवा होता.

बघा कसा. कॅनडात जन्मणाऱ्या किंगसाठी दोन्ही देशांनी 2010 पासून एक लक्ष्य धरलं होतं: दर वर्षी 42,500 ते 55,000 मासे अंडी घालायला पोचले पाहिजेत. ते पोचावेत म्हणून 2014 साली नदीकाठच्या लोकांनी किंग धरणं जवळजवळ बंद केलं. त्याचा परिणाम दिसला. 2014 ते 2017 ही चारही वर्षं लक्ष्य पूर्ण झालं. वरची मर्यादाही ओलांडली गेली. कागदावर सगळं ठीक होतं. त्याच माशांची पिल्लं 2020 नंतर परत यायला हवी होती. 2022 साली सरहद्दीजवळच्या ईगल इथल्या सोनारवर मोजले गेले सुमारे 12,000.

आता लक्ष्याचं एकक बघा: *मासे*. अंडी नाहीत, माद्या नाहीत. पेपरचा 16 टक्क्यांचा आकडा, फक्त अंदाजापुरता, इथे लावू. आजचे 42,500 मासे जुन्या 35,700 माशांइतकीच अंडी देतील. जुन्याइतकी अंडी हवी असतील, तर जवळजवळ 50,600 मासे पोचायला हवेत. त्यातही कमी वयात परतणाऱ्या किंगमध्ये नर जास्त असतात. म्हणजे वय उतरलं की माद्यांचं प्रमाणही घटण्याची भीती. थोडक्यात, मासे मोजले जात होते, गाभोळी कोणीच मोजत नव्हतं.

इथे मला स्वतःलाही आवरायला हवं. 2022 ची पडझड गाभोळी कमी पडली म्हणून झाली, असं हा हिशोब सिद्ध करत नाही. 2019 च्या उन्हाळ्यात नदीचं पाणी फार तापलं होतं. त्या वर्षी मुखाजवळ पायलट स्टेशनला दोन लाखांहून जास्त किंग मोजले गेले, पण सरहद्दीवर अपेक्षेपेक्षा बरेच कमी पोचले. 2021 मध्ये चमही कोसळला: उन्हाळी चम एरवी 15 लाखांच्या वर येतो, तो दीड लाखाच्या आसपास आला. चमच्या लांबीतली घट तर जेमतेम 2.4 टक्के. म्हणजे समुद्रात आणि पाण्यात आणखी काही घडत होतं. माझा दावा एवढाच आहे: लक्ष्य पूर्ण झालं या वाक्यावर विसंबून कोणी सुरक्षित वाटून घेतलं असेल, तर ती सुरक्षितता एककाने दिलेली होती.

मग मासेच का मोजतात?

कारण तेच मोजता येतात. गढूळ पाण्यात सोनार ध्वनीच्या लहरी सोडतं आणि काहीतरी पुढे सरकलं एवढं सांगतं. तो किंग की चम, हेही त्याला नीट कळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या आसाची जाळी टाकून नमुने घ्यावे लागतात. पोटात गाभोळी किती, हे तर दूरच. जे सोपं मोजता येतं तेच हळूहळू लक्ष्य होऊन बसतं. शाळेतली हजेरी आणि शिकणं, दवाखान्यातल्या भेटी आणि बरं होणं, यादी तुम्ही वाढवा.

एप्रिल 2024 मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी नवा करार केला. किंगची मासेमारी सात वर्षं, म्हणजे माशाच्या एका आयुष्याएवढी, बंद. नवं लक्ष्य 71,000. आकडा वाढला हे चांगलंच, वाढीव संख्येत लहान माशांची थोडी भरपाई होईलही. पण एकक तेच: मासे.

आणि आता ते फिश कॅम्पचं चित्र परत आठवा. "जेवणं 26 टक्क्यांनी घटली" हे मोजल्याबद्दल लेखकांचं कौतुक, कारण असल्या पेपरांत माणसाचं ताट येतच नाही. पण बंदीच्या काळात लोक चार इंची आसाच्या छोट्या जाळ्यांनी व्हाइटफिश आणि पाइक धरतात. जेवण काही प्रमाणात भरून निघतं. किंग चिरायला शिकायचं वय मात्र निघून जातं. 2024 साली पाच वर्षांचं असलेलं मूल बंदी उठेपर्यंत बारा वर्षांचं होईल. करारात आपल्याला पुरेसं विचारलं गेलं नाही अशी तक्रार नदीकाठच्या आदिवासी संस्थांनी केली, तिच्यामागे हे आहे. ते "जेवणं" या एककात बसत नाही.

तुमच्यासाठी काम

लिटरेचर रिव्ह्यूसाठी पुढचा पेपर उघडाल, तेव्हा त्यातला सर्वांत ठळक आकडा वहीत लिहा आणि त्यासमोर चार प्रश्न: हा कशाने मोजला? हा *दर कशामागे* आहे? याचं एकक कोणी आणि का निवडलं? आणि या आकड्यावर विसंबून कोणी काही सोडून दिलं आहे का?

शेवटचा प्रश्न मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मला सापडला नाही. युकॉनवर 2014 साली ज्यांनी जाळी आवरली, त्यांनी एका आकड्यावर विश्वास ठेवला होता. आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.