नारायणगावकर, विठाबाई

(जुलै १९३५–१५ जानेवारी २००२). ढोलकीफडाच्या तमाशातील श्रेष्ठ गायिका, नर्तकी व अभिनेत्री. जन्म पंढरपूर येथे. घराणे मात्र पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याच्या नारायणगावचे. आजोबा नारायण खुडे हे तमाशा कलावंत. वडील भाऊ व चुलते बापू यांनी ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड नावारूपास आणला. या कलावंत कुटुंबात विठाबाईंवर बालपणापासूनच गायन, नृत्य व संवाद यांचे संस्कार झाले.

पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र आहे. यात्रांच्या हंगामात येथे फडांच्या राहुट्या पडतात आणि जुन्नर, आंबेगाव व अन्य तालुक्यांतील गावकरी तमाशा ठरविण्यासाठी येतात. विठाबाईंची कला अशा यात्रांतील प्रेक्षकांसमोर घडली. संगीतबारीत गायन व नृत्य यांना प्राधान्य असते. ढोलकीफडात गण, गवळण व रंगबाजी यांनंतर रात्र सरेपर्यंत वग चालतो. त्यामुळे फडातील स्त्रीला लावणीच्या अदेबरोबरच वगातील पात्रही उभे करावे लागते. विठाबाईंनी ही दोन्ही अंगे समर्थपणे पेलली.

त्यांच्या काळात तमाशाप्रधान मराठी चित्रपटांना मोठी लोकप्रियता लाभली. सांगत्ये ऐका (१९५९) मधील हंसा वाडकर व जयश्री गडकर आणि पिंजरा (१९७२) मधील संध्या यांच्या भूमिकांनी तमाशातील स्त्रीची प्रतिमा शहरी प्रेक्षकांच्या मनात रुजविली. तथापि पडद्यावर नृत्य व अभिनय एकीचा आणि गाण्याचा आवाज दुसरीचा असे. पिंजरामध्ये संध्या यांच्यासाठी उषा मंगेशकर गायिल्या. फडात हा सर्व भार एकाच स्त्रीवर असतो व चुकलेला प्रसंग पुन्हा घेण्याची सोय नसते. चित्रपटातील भूमिका चित्रफितीवर टिकून राहिल्या. विठाबाईंच्या कलेचे मोठे भांडार मात्र प्रेक्षकांच्या स्मृतीतच राहिले.

गरोदरपणी प्रयोग चालू असताना त्या पडद्यामागे प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. त्यांच्या निष्ठेचे प्रमाण म्हणून तिचा गौरव होतो. पण फडातील स्त्रीला विश्रांतीचाही आधार नव्हता, हे कटू सत्यही तीच हकीकत सांगते. केवळ या प्रसंगावरून त्यांचे मोठेपण मोजणे त्यांच्या कलेवर अन्याय करणारे ठरते. शेतकरी-कष्टकरी प्रेक्षकाला लावणीतून वगाच्या कथेकडे नेण्याचे सामर्थ्य, हे त्यांच्या कर्तृत्वाचे खरे गमक होय.

राष्ट्रपतींकडून त्यांचा दोनदा (१९५७ व १९९०) सन्मान झाला. ‘तमाशासम्राज्ञी’ ही लोकमान्य उपाधीही त्यांना लाभली. तरी उत्तरायुष्य आर्थिक विवंचनेत व आजारपणात गेले. त्यांच्या निधनानंतर महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कन्या मंगला बनसोडे यांनी तमाशाचा वारसा पुढे चालविला. हयातीत मिळालेली कीर्ती आणि वार्धक्यात न मिळालेले स्थैर्य यांतील अंतर, हा केवळ विठाबाईंच्या चरित्राचा भाग नसून, तमाशा कलावंतांविषयीच्या समाजाच्या दृष्टिकोनाचाही निदर्शक आहे.