‘जगरनॉट’ : एका इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती आणि अर्थांतर

इंग्रजीतील ‘जगरनॉट’ हा शब्द ‘जगन्नाथ’ या नामाचे रूपांतर होय, याविषयी दुमत नाही. विवाद्य आहे ती त्याच्या अर्थाची उपपत्ती. वाटेत येईल त्याला चिरडीत जाणारी, आवरता न येणारी प्रचंड शक्ती, हा या शब्दाचा आजचा अर्थ. ब्रिटनमध्ये अवजड मालमोटारीलाही तो लावतात. या अर्थाचे मूळ सांगताना, पुरीच्या रथाखाली भक्त स्वतःला झोकून देत, एवढे एक वाक्य जोडून कोशकार बहुधा थांबतात. ते वाक्य तपासून पाहण्याजोगे आहे.

रूपाचा उलगडा सोपा आहे. इंग्रजीत महाप्राण दंत्य ‘थ’ नसल्याने त्याच्या जागी ‘ट’ आला. मूळ नामात नसलेला रकार विल्यम ब्रूटन याच्या १६३८ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तातही दिसतो. तेथे हा शब्द देवाचे नाव म्हणूनच आला आहे.

अर्थाचा इतिहास मात्र वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. रथचक्राखाली प्राण देणाऱ्या भक्तांचे वर्णन चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओडोरिक या इटालियन साधूने केले. परंतु ते कोरोमंडल किनाऱ्यावरील एका देवतेचे आहे, पुरीचे नव्हे. मँडेव्हिलच्या नावावर खपलेल्या प्रवासग्रंथाने ते उचलले आणि युरोपभर पसरविले. म्हणजे चित्र आधी तयार होते. पुरीचे नाव त्याला पुढे चिकटले.

या चित्राला प्रत्यक्षदर्शी साक्षीचे बळ दिले ते क्लॉडियस ब्यूकॅनन या धर्मोपदेशकाने. १८०६ मध्ये तो पुरीस गेला आणि त्याचा ग्रंथ १८११ मध्ये निघाला. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मुक्तद्वार मिळावे, असा त्याचा आग्रह होता, आणि १८१३ च्या सनदेने ते दार उघडले. त्याने पाहिलेली घटना खोटी ठरविण्याचे कारण नाही. पण एका घटनेची त्याने प्रथा केली. १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात अँड्र्यू स्टर्लिंगने चार वर्षांत अशा तीनच घटना नोंदविल्या आणि त्यांतील एक अपघात असावी, असे म्हटले. विल्यम हंटरनेही १८७२ मध्ये, असे आत्मार्पण वैष्णव उपासनेच्या वृत्तीशी विसंगत असून बहुतेक मृत्यू गर्दीतील अपघाताचे होत, असा निर्वाळा दिला.

तोवर शब्द पुढे निघून गेला होता. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) ‘जगरनॉट’ ही परधर्मीयांची एक मूर्ती आहे. स्टीव्हन्सनच्या ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’मध्ये (१८८६) एका मुलीला तुडवून जाणाऱ्या हाइडला हीच उपमा दिली आहे. चाळीस वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन उदाहरणांत अर्थाची वाटचाल दिसते : देव, देवाचा रथ, आणि शेवटी देवही नाही, रथही नाही, उरले ते केवळ चिरडणे. पुरीस रथ एक नसून तीन असतात, याचीही इंग्रजी शब्दाला गरज उरली नाही.

याच रथाने मराठीत नेमका उलटा अर्थ धारण केला आहे. ‘संस्था चालविणे हा जगन्नाथाचा रथ आहे, सर्वांचे हात लागले पाहिजेत’ असे मराठी माणूस सहज म्हणतो. रथ आपोआप धावत नाही, तो ओढावा लागतो, हे या वाक्प्रचाराने लक्षात ठेवले. इंग्रजीने चाकाखालचा माणूस पाहिला, मराठीने दोराला लागलेले हात पाहिले. म्हणून ‘जगरनॉट’चा अनुवाद ‘जगन्नाथाचा रथ’ असा करणे व्युत्पत्तीला धरून असले, तरी अर्थाचा घात करणारे आहे. तेथे ‘वरवंटा’ हा शब्द अधिक नेमका ठरतो.

शब्दाचा रूढ अर्थ बदला, असे कोशकाराला कोणी सांगू शकत नाही; अर्थ रूढीच्या अधीन असतो. व्युत्पत्तीच्या ओघात केलेले विधान मात्र इतिहासाचे विधान असते आणि त्याला पुराव्याचे बंधन आहे. ‘भक्त रथाखाली झोकून देत’ याऐवजी ‘भक्त झोकून देतात अशी युरोपीय प्रवाशांची समजूत होती’ असे लिहिल्याने कोशाची एखादी ओळ वाढेल, पण समजुतीला वस्तुस्थितीचा दर्जा देण्याचा दोष टळेल.