गोदरेजचं कपाट

आमच्या वडगावात कुठल्याबी लोखंडी कपाटाला ‘गोदरेज’च म्हणतात, मग ते गल्लीतल्या वेल्डिंगवाल्यानं का केलेलं असेना. गोदरेजनं पोलादी कपाटं १९२३ साली सुरू केली. तेव्हा जर्मनीत बाउहाउस ही शाळा नक्षी टाळून वस्तूच्या कामातून तिचा आकार शोधत होती. हे कपाट त्याच जातीचं : सपाट पत्रा, वर-खाली सरकवता येणारे कप्पे, आत लॉकर. लुगडी, सातबारा, डागिने सगळं त्याच्या पोटात.

आता भिंतीत ठोकलेले वॉर्डरोब आलेत. दिसायला झ्याक, पण ओल धरली की भुशाची फळी फुगते. आणि भावाभावांत वाटणी झाली तर भिंत कशी उचलायची? लोखंडी कपाट चौघांनी टेम्पोत घातलं की निघालं नव्या घरी.