वस्त्राचे मोल आणि वस्त्राचे नाव : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

नामांकित कर्त्याच्या नावाने विकले जाणारे महागडे वस्त्र त्याच्या किमतीस उतरते काय, हा प्रश्न अर्थशास्त्राने किंवा नीतिशास्त्राने सोडवावा अशी आपल्याकडे समजूत आहे. अर्थशास्त्राच्या बाजूने थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्येच आपले उत्तर देऊन ठेवले. उंची वस्त्र हे खर्च करण्याची ऐपत दाखविण्याचे साधन असून ते निरुपयोगी असण्यातच त्याचा उपयोग आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होय. नीतिशास्त्राच्या बाजूने आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी हेच अधिक थोडक्या शब्दांत सांगितलेले आहे. परंतु ही दोन्ही उत्तरे एका प्रश्नाला बगल देतात. ऐपत दाखवावयाची असेल तर ती पाहणारा कोणीतरी असावा लागतो आणि त्याला ती ओळखताही यावी लागते. वस्त्र ही वस्तू आहे, तसेच ते एक विधानही आहे. विधान म्हटले की ते कोणी, कोणास, कोणत्या भाषेत केले, ही चौकशी प्राप्त होते. भाषाभ्यासकाने या विषयात तोंड घालण्याचे समर्थन करावयाचे असेल तर ते एवढेच.

ही वाट नवी नाही. प्राग मंडळातील प्योत्र बोगातिर्योव याने मोराव्हियन स्लोव्हाकियातील लोकवेशावर १९३७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात वेशाची व्यावहारिक, सौंदर्यविषयक, प्रतिष्ठादर्शक, सणासुदीची अशी निरनिराळी कार्ये वेगळी काढून दाखविली, आणि प्रसंग बदलला की यांपैकी कोणते कार्य वरचढ ठरते तेही बदलते असे मांडले. भीमाशंकराच्या बाजूच्या पावसात खांद्यावर घेतलेली घोंगडी किंवा डोक्यावरचे इरले यांत पहिले कार्य इतके प्रबळ असते की बाकीच्यांचा विचार करण्याची गरज पडत नाही. घोंगडी महाग की स्वस्त, याचा निवाडा पाऊसच करतो. मंचर किंवा नारायणगावच्या दुकानात बस्ता बांधावयास बसलेल्या दोन कुटुंबांचे तसे नसते.

त्या दुकानातील भाषेकडे आधी लक्ष देऊ. तेथे साडीस ‘महाग’ म्हणण्याआधी ‘भारी’ म्हणतात, आणि ‘भारी’च्या विरुद्ध ‘हलकी’. ‘महाग’ हा शब्द संस्कृत ‘महार्घ’ या शब्दावरून आलेला असून तो निव्वळ किमतीविषयी बोलतो. ‘भारी’ वजनाविषयी बोलतो. हे केवळ रूपक म्हणून सोडून देता येणार नाही. ‘भरजरी’ या शब्दातील ‘जर’ म्हणजे फारसीत सोने. जुन्या पैठणीचा जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन केलेला असे, आणि साडी विरली की तो जाळून, आटवून धातू परत मिळविता येई. अशा वस्त्राच्या किमतीचा एक भाग तराजूत मोजण्याजोगा होता. म्हणजे ‘भारी’ हे विशेषण एके काळी शब्दशः खरे होते. आता बहुतेक साड्यांतील जर तांब्याचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. वजन गेले, शब्द राहिला, आणि तरुण मंडळींच्या तोंडी तर तो कोणत्याही चांगल्या गोष्टीची वाखाणणी करू लागला. ‘हलका’ हा शब्द मात्र आपला जुना डंख सोडावयास तयार नाही. हलकी साडी नेसवली, या वाक्यात साडीबरोबर नेसवणारी माणसेही हलकी ठरतात. वधूपिता कर्ज का काढतो याचे अर्धे स्पष्टीकरण या एका शब्दात आहे.

दुसरी गोष्ट नामकरणाची. आपल्या वस्त्रांची प्रतिष्ठित नावे पाहिली तर पैठणी, इरकली, माहेश्वरी, नारायणपेठी, बनारसी अशी ती सारी गावांवरून आलेली आहेत. प्रथम स्थलनामाला ई-प्रत्यय लागून विशेषण, मग विशेष्य गळून नाम, असा त्यांचा प्रवास आहे. विणकराचे नाव त्यांत कोठेही नाही. नेसणारीच्या घरात ती साडी पुढे ‘आजीची पैठणी’ होते. आंबेगावच्या लगतच्या खेड येथे ज्यांचे प्राथमिक शिक्षण झाले त्या शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता अशाच आजीच्या पैठणीविषयी आहे. याच्या उलट, नवे महावस्त्र गावाचे नसते, व्यक्तीचे असते. आपण ‘अमक्याचा लेहेंगा’ म्हणतो. ही षष्ठी कर्त्याची आहे, नेसणारीची नाही. ते वस्त्र तीन पिढ्या टिकले तरी त्यावरील षष्ठी बदलेल किंवा कसे, याविषयी मला शंका वाटते.

गंमत अशी की हेच नामकरण खेड्यापाड्यांतील दुकानांत पोहोचताना पार उलटे झाले आहे. ‘डिझायनर’ हे मूळ इंग्रजीत कर्तृवाचक नाम. मराठी बाजारात ते विशेषण झाले. ‘डिझायनर साडी’, ‘डिझायनर ब्लाउज’ यांत कोणी डिझायनर अभिप्रेत नसतो; टिकल्या, खडे, जाळी, निराळी बाही असा काही अलंकार वस्त्रावर आहे, एवढेच त्यातून कळते. कर्ता नाहीसा झाला, कर्म उरले. पुष्कळदा अशी साडी त्याच दुकानातील ‘भारी’ साडीपेक्षा कितीतरी स्वस्त असते. मोठ्या शहरातील ग्राहक ज्या शब्दासाठी लाखो रुपये मोजतो त्या शब्दाची येथील बाजाराने केलेली ही गत ग्राम्य अज्ञान म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. मला तीत एक व्यवहारी टीका दिसते : नाव वजा केल्यावर जे डोळ्यांना दिसते तेवढ्यालाच येथे पैसे पडतात.

आता बस्त्याकडे वळू. ‘बस्ता’ म्हणजे फारसीत बांधलेले. मराठीने त्याला पुन्हा ‘बांधणे’ हे क्रियापद जोडले. बस्ता बांधावयास दोन्ही बाजूंची माणसे एकत्र जातात, आणि तेथे जी यादी निघते ती नात्यांची यादी असते. नवरीचा शालू, मावळणीची साडी, मामीची, करवल्यांची, पुरुषांचे फेटे आणि टॉवेल-टोप्या. प्रत्येक वस्त्राची प्रत आणि तिच्यातला उतरता क्रम असा की मावळणीची साडी मामीच्या साडीहून हलकी निघाली तर लग्न आटोपल्यावरही तिचा उल्लेख होत राहतो. यातील कितीतरी साड्या कोणी नेसत नाही. त्या घडीतच राहतात आणि दुसऱ्या घरच्या आहेरात निघून जातात. आहेराची वही मात्र जपून ठेवलेली असते. येथे साडी हे चलन आहे आणि चलनाचे मूल्य ते नेसण्यावर अवलंबून नसते. पाच फ्रँकच्या नाण्याचे मूल्य त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या वस्तूवरून आणि त्याच व्यवस्थेतील इतर नाण्यांशी असलेल्या नात्यावरून ठरते, हा सोस्यूरचा दृष्टान्त आपल्या विद्यार्थ्यांस पाठ असतो. त्याचे याहून चांगले उदाहरण त्यांना वर्गाबाहेर सापडणार नाही. या व्यवहारावर उधळपट्टीचा शिक्का मारणाऱ्या सुधारकास एवढेच विचारावयाचे की, मान पोहोचविण्याचे दुसरे कोणते साधन तो मावळणीच्या हाती देणार आहे? मात्र साधन आवश्यक म्हणून त्याची किंमतही आवश्यक, असे होत नाही. उतरता क्रम राखावयाचा तर तो हजारांच्या पायऱ्यांनी राखता येतो तसा शेकड्यांच्या पायऱ्यांनीही येतो. दोन्ही कुटुंबांनी ठरवून सारीच पायरी खाली आणली तर एकाही नात्याचा मान कमी होत नाही. कर्ज मात्र कमी होते. आणि कांद्या-टोमॅटोचा भाव पडलेल्या वर्षी ही बाब लहान नसते.

बस्त्यातील नवरीचे एक वस्त्र या चलनाच्या बाहेर असते, ते नेसावयाचे असते. किमतीस उतरण्याचा मूळ प्रश्न त्याच्याविषयीच खरा आहे. हातमागाच्या पैठणीत पदरावरील मोर, मुनिया किंवा आसावली ही नक्षी बाण्याचे निरनिराळे रंगीत धागे एकमेकांत अडकवून हाताने भरलेली असते. म्हणून तिची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते. यंत्रमागाच्या नकलेत उलट्या बाजूस धाग्यांच्या सुट्या ओळी लोंबतात किंवा कापलेल्या दिसतात. २०१० मध्ये पैठणीस भौगोलिक निर्देशन मिळाले, परंतु त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या पदर उलटून पाहणाऱ्या बायकांना कोणत्याही नोंदणीची गरज भासली नव्हती. त्यांना वस्त्र वाचता येत होते. एक साडी विणावयास काही आठवडे ते कित्येक महिने लागतात हे ज्याला ठाऊक आहे, आणि ती पदर उलटून ओळखता येते, त्याने दिलेली मोठी किंमत कष्टाची असते. माझ्या मते ती किमतीस उतरते. न वाचता दिलेली तेवढीच किंमत ही निरक्षरतेवरचा कर आहे. कर्त्याच्या नावाची चिठ्ठी ही प्रायः अशा निरक्षरासाठीच शिवलेली असते; ज्याला कापड वाचता येत नाही त्याला नाव तरी वाचता यावे.

वाचन जवळून होते तसे दुरूनही होते, हे नारायणगावी शिकावे. यात्रांच्या हंगामाआधी येथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी ठरविण्यास येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे हे गाव. फडावरील नऊवारी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाने वाचावयाची असते. ती घामाने भिजते, ट्रकमधून फिरते, रात्रीमागून रात्री नाचते. अशा साडीत खरा जर असणे हा अपव्यय ठरेल, कारण दिव्यांच्या झोतात खोटा जर खऱ्याइतकाच, कदाचित अधिकच, चमकतो. फडाने वस्त्रावर केलेला खर्च हा भांडवली खर्च आहे आणि त्याचा हिशेब सुपारीत लागतो. याच्या दुसऱ्या टोकाला बालगंधर्व. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत नारायणरावांनी अस्सल पैठण्या, शालू आणि अत्तरे यांवर केलेला खर्च दंतकथेसारखा सांगितला जातो. त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले, आणि मंडळी कर्जबाजारीही झाली. कर्जास कारणे अनेक होती, सारा दोष वस्त्रांवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु पुढल्या रांगांत पैठणी ओळखणारे डोळे बसलेले होते म्हणूनच त्या अस्सलपणाला अर्थ होता. मागल्या रांगेपुरते तेच काम खोट्या जरीने झाले असते. तमासगिरांचा हिशेब अधिक शहाणपणाचा होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण मग मराठी स्त्रीच्या वेशात बालगंधर्वांनी घडविलेला पालट कोणत्या खात्यावर मांडावयाचा?

नावाच्या व्यापाराविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. प्येर बूर्द्यू व इव्हेत देल्सो यांनी १९७५ च्या आपल्या लेखात वस्त्रकाराच्या सहीची तुलना जादूशी केली ती पुरेशी आहे. सही उमटली की वस्तू तीच राहून तिचे मोल बदलते. तिची परीक्षा घेणारी दोन उदाहरणे अलीकडे आपल्यासमोर घडली. कोलकात्याचे सब्यसाची मुखर्जी यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायाचा ५१ टक्के हिस्सा २०२१ मध्ये आदित्य बिर्ला समूहातील वस्त्रकंपनीने ३९८ कोटी रुपयांस घेतला. या रकमेत कारागिरीचे मोल किती आणि नावाचे किती, हे ज्याने त्याने ताडावे. दुसरे, जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी दिसणारी पादत्राणे ‘कोल्हापुरी’ हा शब्द न उच्चारता मांडली. महाराष्ट्रातून निषेध उमटल्यावर त्यांचे मूळ मान्य करण्यात आले. कोल्हापुरीस २०१९ मध्येच भौगोलिक निर्देशन मिळालेले होते. येथे चोरी झाली असेल तर ती आकाराची कमी आणि ई-प्रत्ययाची अधिक : गावाचे नाव काढले, व्यक्तीचे लावले.

या सर्वांवर एक आक्षेप संभवतो. गरजेपुरते वस्त्र घ्यावे, मोल आणि वाचन हे सारे त्यापुढचे चोचले, असे कोणी म्हणेल. आक्षेप जुना आहे आणि त्याला या प्रदेशाच्या इतिहासात चांगला आधारही आहे. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवून वर्षावासातील वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे ठरविलेले आहे. वर्षाचे व्याज २४०, भिक्षू वीस; हिशेब काटेकोर जुळतो. त्याच नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आपल्या जुन्नरला मानमोडीच्या डोंगरात आहे. तेव्हा ‘पुरेसे वस्त्र’ म्हणजे किती, हे येथील माणसांना पैशात सांगता येत होते, यात शंका नाही. परंतु ते सांगता आले, कारण ज्याच्यासाठी सांगावयाचे त्याने नाती सोडलेली होती. भिक्षूला मावळण नसते.

अलीकडे लग्नाचा लेहेंगा एका दिवसापुरता भाड्याने आणण्याची चाल दोन्ही तालुक्यांत रुळत आहे. जुन्या मंडळींस ती रुचत नाही. पेटीत काही उरत नाही, ही त्यांची तक्रार. ती खोटी नाही. पण छायाचित्रापुरते उसने घेतलेले वस्त्र हे दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हांत वापरण्यासारखे आहे, आणि अवतरणासाठी कोणी ग्रंथाची सारी आवृत्ती विकत घेत नाही. वाचलेल्या पैशांतून नवरीला एक साधी, हातमागाची, उलटून पाहता येईल अशी साडी घेतली जाते की तेही पैसे मंडपाच्या झालरींत जातात, हे मात्र पाहिले पाहिजे.