शस्त्रवैद्याची आपल्या शस्त्राविषयीं शंका

शास्त्रीय निबंधांचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर सोपें आहे. जें लेखन माणसाच्या जीविताशीं प्रत्यक्ष निगडित आहे आणि ज्यांत लेखकाची सचोटी ओळीओळीला कसोटीस लागते, त्याला वाङ्मयाच्या दरबारांत मज्जाव करण्याचें कारण नाहीं. कादंबरीकाराचा सिद्धांत चुकला, तर एक पुस्तक फसतें. शस्त्रवैद्याचा चुकला, तर त्याची किंमत पुढच्या पिढ्यांना आपल्या शरीरानें मोजावी लागते. अमेरिकेंतील हॉल्स्टेड यानें १८९४ सालीं स्तनाबरोबर छातीचे स्नायूहि कापून काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती अपुरी कीं अवाजवी, याची पद्धतशीर परीक्षा बर्नार्ड फिशर या दुसऱ्या शस्त्रवैद्यानें हातीं घेतली, ती १९७१ सालीं! मधल्या काळांत पुराव्याची जागा गुरूच्या अधिकारानें भरून काढली होती.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील शस्त्रवैद्य डॉ. राजेंद्र बडवे यांचे चार निबंध या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखे आहेत. १९४१ सालीं उघडलेल्या या रुग्णालयाशीं त्यांची कारकीर्द जोडलेली आहे. टाटा स्मारक केंद्राचें संचालकपदहि त्यांनीं अनेक वर्षें सांभाळलें आणि २०१३ सालीं त्यांस 'पद्मश्री' मिळाली. आपले चरित्रकार बहुधा अशा पदांपाशींच रमतात आणि 'सेवा व संशोधन यांचा सुंदर संगम' असें एक वाक्य लिहून मोकळे होतात. या वाक्यांत मुख्य गोष्टच निसटते. संगमाला दोन नद्या लागतात. येथें प्रवाह एकच आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलाशीं उभ्या असलेल्या माणसाला आपल्या हातांतील शस्त्राविषयींच शंका यावी, आणि ती त्यानें तीस वर्षें सोडूं नये, अशी ही हकीकत आहे.

पहिला निबंध १९९१ सालचा, 'लॅन्सेट'मधील. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या, ऋतुप्राप्ति चालू असणाऱ्या २४९ स्त्रियांच्या नोंदी बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तपासल्या. ऋतुचक्राच्या ३ ते १२ या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांत दहा वर्षांनंतर हयात असण्याचें प्रमाण शेंकडा ५४, तर इतर दिवसांत झालेल्यांत शेंकडा ८४ निघालें. रोग तोच, क्रिया तीच, फक्त दिवस निराळा! निष्कर्ष चित्तवेधक खरा. परंतु तो जुन्या नोंदींवर उभा होता, आणि पुढें इतरांनीं केलेल्या पाहण्यांत तो सर्वत्र टिकला नाहीं.

दुसऱ्या निबंधांत (२०११) लेखकानें आपलीच कल्पना पणास लावली. सुमारें हजार स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी वांटणी करून एका गटास शस्त्रक्रियेपूर्वीं प्रोजेस्टेरॉनचें एक इंजेक्शन दिलें. एकंदरींत फायदा दिसला नाहीं. काखेंतील गाठींत रोग पोंचलेल्या स्त्रियांत मात्र तो दिसला. येथें आमचा पहिला आक्षेप आहे. मूळ प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें आल्यावर एका पोटगटांतील 'होय' हें पुढील शोधाचें बीज ठरूं शकतें, पीक नव्हे. आणि निबंध वाचतांना हा भेद वाचकाला स्वतःच जपावा लागतो.

तिसरा निबंध (२०१५) आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. रोग दूरच्या अवयवांत पसरला असतां स्तनांतील मूळ गांठ काढल्यानें आयुष्य वाढतें काय? ३५० स्त्रियांच्या पाहणींत शस्त्रक्रिया व किरणोपचार झालेल्यांचें मध्यम आयुष्य १९.२ महिने आणि न झालेल्यांचें २०.५ महिने भरलें. म्हणजे शस्त्रानें स्थानिक रोग आंवरला, पण आयुष्य वाढविलें नाहीं. ज्याची उपजीविका व कीर्ति शस्त्रावर, त्यानेंच 'येथें शस्त्र खालीं ठेवावें' असें आंकड्यांनिशीं लिहावें, याला आम्ही वाङ्मयीन धैर्य म्हणतों.

चौथा निबंध २०२३ सालचा. भारतांतील अकरा केंद्रांत १,५८३ स्त्रियांची ही पाहणी झाली. गांठ कापण्यापूर्वीं सात ते दहा मिनिटें तिच्या भोवतालीं लिग्नोकेन, म्हणजे दांत काढतांना वापरतात तें साधें बधिर करणारें औषध, टोंचलें. पांच वर्षांनंतर हयात असण्याचें प्रमाण शेंकडा ८६.४ वरून ९०.१ वर गेलें. कापण्याच्या क्षणींच गांठींतील पेशी चेतून दूर जात असाव्या आणि त्यांना त्या क्षणीं थोपवितां यावें, ही यामागील कल्पना. आक्षेप येथेंहि आहेत. दुसऱ्या गटास नुसत्या पाण्याचेंहि इंजेक्शन दिलेलें नव्हतें; म्हणून लाभ औषधाचा कीं भोंवतीं द्रव भरण्याचा, हें यावरून सुटत नाहीं. इतक्या स्वस्त उपायाचा इतका मोठा लाभ म्हणजे तो अन्य देशांतहि पडताळून पाहणें अवश्य. परंतु या औषधावर कोणाची मक्तेदारी नाहीं. म्हणून पडताळ्याला पैसा घालण्यांत कोणत्याहि कंपनीचा स्वार्थहि नाहीं. असे प्रश्न सार्वजनिक रुग्णालयांनींच हातीं घ्यावे लागतात.

तळेगांव दाभाडेच्या वाचकांस ही रीत परकी वाटूं नये. घरोघरच्या एकेका पैशांतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा कांच कारखाना १९०८ सालीं याच गांवीं निघाला. या निबंधांचें भांडवलहि तसेंच आहे. हजारों स्त्रियांनीं आपल्या देहाचा एकेक अनुभव त्यांत घातला, आणि बहुतेकींना तो कोठें जमा झाला हें कधीं कळलें नसेल. कारण निबंध इंग्रजींत आहेत. ज्या विष्णु गोविंद विजापूरकरांनीं स्वभाषेंतून ज्ञान द्यावें म्हणून आयुष्य वेंचलें आणि ज्यांचें समर्थ विद्यालय सरकारनें १९१० सालीं बंद पाडलें, त्यांच्या या गांवांत ही उणीव अधिकच टोंचते. बडवे यांच्या कारकीर्दीवर गौरवग्रंथ निघतील, निघावेत. त्याहून निकडीची गरज या चार निबंधांच्या सरळ मराठी सारांशाची आहे, त्यांतील आक्षेपांसह. मावळांतील एखादी बाई पुण्याला किंवा परळला शस्त्रक्रियेसाठीं जाईल, तेव्हां 'कापण्याआधीं तें इंजेक्शन देणार कां, आणि नसल्यास कां नाहीं?' एवढा प्रश्न तिला आपल्या भाषेंत विचारतां आला पाहिजे.