प्रबंधाचा आराखडा आणि देवनागरी

प्रबंधाचा आराखडा ही टीकेची वस्तू नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु आराखड्याच्या साच्यावरून पुष्कळदा विचाराचाही साचा ठरतो. म्हणून त्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने १९५१ साली एक छोटी शैलीपुस्तिका प्रसिद्ध केली. तिचाच विस्तार १९७७ पासून ‘हँडबुक’ या नावाने होत गेला. त्याच्या २००९ च्या सातव्या आवृत्तीत आराखड्याच्या पायऱ्या दिल्या आहेत: प्रथम रोमन अंक, मग मोठे इंग्रजी अक्षर, मग साधा अंक, मग लहान अक्षर आणि त्याखाली कंसातील अंक व कंसातील लहान अक्षर. शिवाय एक दंडक असा की, ‘एक’ असेल तर ‘दोन’ हवाच.

हा दंडक आम्हांस मनापासून मान्य आहे. ज्याचा एकच भाग पडतो, त्याची विभागणी झालीच नाही. केशवसुतांवरील प्रकरणात ‘सामाजिक कविता’ एवढे एकच उपशीर्षक असेल, तर ते प्रकरणाचेच नाव तरी असावे, किंवा दुसऱ्या भागाचा विचार व्हावयाचा राहिला असावा. ही उणीव लेखनापूर्वीच दृष्टीस पडते, हे या पद्धतीचे श्रेय होय.

खुणांविषयी मात्र आमचा मतभेद आहे. देवनागरीत मोठे व लहान अक्षर हा भेदच नाही. बृहन्महाराष्ट्रातील मराठीचा विद्यार्थी हा साचा जसाच्या तसा उचलू लागला, तर ‘अ’च्या पोटात पुन्हा ‘अ’ येतो आणि कोणता मुद्दा कोणाच्या अधीन, हे वाचकाला उमगत नाही. त्यापेक्षा १, १.१, १.१.१ हे क्रमांकन बरे. तेथे प्रत्येक क्रमांक आपले कूळ स्वतःच सांगतो. लिपी कोणतीही असो.

आणखी एक गोष्ट. आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगण्याची प्रथा होती. पाश्चात्त्य आराखडा मुद्द्यांचा क्रम दाखवितो. प्रबंध कशासाठी व कोणासाठी, हे तो विचारीत नाही. त्यामुळे सर्व पायऱ्या बिनचूक असूनही प्रबंध निष्प्रयोजन राहू शकतो. म्हणून विद्यार्थ्याने पहिल्या क्रमांकाच्याही आधी ही चार उत्तरे लिहून ठेवावीत, आणि मार्गदर्शकांनी समासाआधी ती तपासावीत, अशी आमची सूचना आहे.