कैलासवासी, कालकथित, ख्रिस्तवासी : आत्म्याबद्दलची तीन उत्तरं



आषाढात माउलींची पालखी बरडहून निघते, धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्यात मुक्कामाला थांबते. तिकडे शिखर शिंगणापूरला शंभू महादेव आहे. अशा गावात अध्यात्म शिकवायला बाहेरच्या माणसाची गरज नाही. तेव्हा आम्ही आज शिकवणार नाही. एक वाक्य फक्त तपासून बघणार आहोत. वाक्य तुमच्या ओळखीचं आहे : ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.’

हे वाक्य प्रेमानं म्हटलं जातं, हे मान्य. पण ते खरं आहे का? त्यासाठी पोथ्या उघडायच्या आधी वर्तमानपत्रातलं निधनाचं पान उघडा. एकाच्या नावामागे ‘कै.’ असतं, म्हणजे तो कैलासाला गेला. वारकऱ्याच्या नावामागे ‘वै.’ असतं, तो वैकुंठाला गेला. बौद्ध कुटुंबात ‘कालकथित’ लिहितात. ख्रिस्ती कुटुंबात ‘ख्रिस्तवासी’. आता बघा, पहिल्या दोन शब्दांत माणूस एका ठिकाणी गेला आहे. ‘ख्रिस्तवासी’त तो एका व्यक्तीपाशी गेला आहे. आणि ‘कालकथित’मध्ये तो कुठेच गेलेला नाही, त्याचा काळ झाला, एवढंच. मराठी माणसानं तत्त्वज्ञान न शिकता हा फरक अचूक पकडलेला आहे.

आणि मग चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर तिघांसाठीही एकच ओळ : मृतात्म्यास शांती लाभो. अद्वैत वेदान्त्याला विचारा. तो म्हणेल, आत्मा अशांत कधी होता? बौद्धाला विचारा. तो म्हणेल, आत्माच नाही, शांती कोणाला? अर्थाच्या दृष्टीनं ही ओळ सर्वांत जवळ जाते ती लॅटिन चर्चच्या मृतांसाठीच्या प्रार्थनेला. म्हणजे गंमत अशी की आपण सगळे एकमेकांचं सांत्वन ज्या भाषेत करतो, ती अनेकदा आपल्या स्वतःच्या धर्माची नसतेच.

आता तिन्ही उत्तरं नीट मांडू.

हिंदू उत्तर एक नाही, ही पहिली गोष्ट. शंकराचार्यांच्या मते आत्मा आणि ब्रह्म एकच. मध्वाचार्यांच्या मते जीव आणि ईश्वर कायम वेगळे. सांख्यांचे पुरुष अनेक. चार्वाक तर आत्मा मानतच नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला वस्त्राची उपमा आहे, ती सर्वांना पाठ असते. पण त्याच घरात दहाव्या दिवशी पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात. जीव नव्या देहात गेला असेल तर हा पिंड कोणासाठी? हा प्रश्न आमचा नाही, चार्वाकांनी फार पूर्वी विचारलेला आहे. शास्त्रकारांनी प्रेतयोनी, पितृलोक अशी मधली मुक्कामाची ठिकाणं सांगून उत्तर दिलं. ते उत्तर पटो न पटो, एवढं दिसतं की आपला सिद्धान्त आणि आपला विधी नेहमी एका मापाचे नसतात.

बौद्ध उत्तराचं उत्तम उदाहरण ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहे. नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? चाक रथ आहे का? आस? जू? एकही नाही. हे सगळं जुळलं की त्याला आपण रथ म्हणतो. ‘मी’ हे नावही तसंच, पाच स्कंधांच्या जुळणीला दिलेलं. यावर आधुनिक काळात सर्वांत मोठा प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांनी उभा केला. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत ते सरळ विचारतात की बुद्धानं आत्मा नाकारला, मग कर्म आणि पुनर्जन्म कसे टिकतात? शिष्यानं गुरूला असा प्रश्न विचारायला धैर्य लागतं. त्यांचं उत्तर असं की शरीरातली द्रव्यं पुन्हा एकत्र येतात, आत्मा येत नाही. आणि कर्म हा समाजाच्या नैतिक व्यवस्थेचा नियम आहे, मागच्या जन्माची थकबाकी नव्हे.

आमच्या मते यातला दुसरा भाग फार भक्कम आहे. गरिबाला ‘तुझं पूर्वसंचित’ म्हणून गप्प बसवण्याची सोय त्यानं काढून घेतली. पहिला भाग मात्र अपुरा वाटतो. द्रव्यं विखुरली आणि नव्यानं जुळली, तर जो जन्मला तो ‘पुन्हा’ जन्मला असं का म्हणायचं? बाबासाहेबांचा पुनर्जन्म हा शब्द जुना आहे, पण आत आशय जवळजवळ राहिलेला नाही. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. इथे सिद्धान्त आणि विधी एका मापाचे झाले, हे श्रेय द्यावं लागेल.

ख्रिस्ती उत्तर मराठीत आलं तेव्हा शब्दांचीच अडचण झाली. फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचून छापलं आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द वापरला. मराठी बायबलमध्ये ‘जीव’ वेगळा, ‘आत्मा’ वेगळा, आणि ‘पवित्र आत्मा’ म्हणजे खुद्द देव. आपला वाचक ‘आत्मा’ वाचला की अनादि, अविनाशी असं समजतो. ख्रिस्ती विचारात माणसाचा आत्मा अनादि नाही, देवानं निर्माण केलेला आहे. जन्म एकच. आणि अंतिम आशा देहातून सुटण्याची नसून देहासह पुनरुत्थानाची आहे. देह हे टाकून द्यायचं वस्त्र नव्हे, हा फरक लहान नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘अभंगांजली’ लिहिली. ख्रिस्ताला ते माउली म्हणतात. समीक्षक म्हणतात, टिळकांनी तुकोबांचं वळण घेतलं. बरोबर आहे, पण अर्धं. तुकोबा मुक्ती नको म्हणून पुन्हा गर्भवास मागू शकतात, कारण त्यांच्यापाशी पुढचा जन्म आहे. टिळकांना ती सोय नाही. छंद तोच, आर्तता तीच, पण घड्याळ वेगळं. म्हणून त्यांच्या भक्तीत एक घाई आहे, ती आम्हाला त्यांच्या काव्याचं बळ वाटते.

आता साधनेकडे येऊ. डोळे मिटून बसलेली तीन माणसं बाहेरून सारखीच दिसतात. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात सांगतात, संवेदना येते, जाते, तिला ‘माझी’ म्हणू नका. वेदान्ती सांगतो, येणाऱ्याजाणाऱ्याला बाजूला सार, बघणारा तो तू. सुरुवात सारखी, मुक्काम उलट. ख्रिस्ती प्रार्थना मात्र बघण्याची नाहीच, ती हाक आहे. आणि वारकऱ्याचं नामस्मरण? तीही हाकच. म्हणजे साधनेपुरतं बघितलं तर वारकरी टिळकांच्या जवळ बसतो आणि वेदान्ती विपश्यी साधकाच्या. रेघ धर्माधर्मांमधून जात नाही, धर्मांच्या आतून जाते. ‘सगळे एकच सांगतात’ हे चूक आहे आणि ‘प्रत्येक धर्म स्वतंत्र बेट’ हेही चूक आहे.

मग या वादात पणाला काय लागलं आहे? माणसाशी वागणूक. सर्वांत एकच आत्मा म्हणणाऱ्या शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातच शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारलेला आहे. देवासमोर सगळी लेकरं समान म्हणणाऱ्या गोव्यातल्या चर्चमध्ये जात टिकली. कर्माच्या नावानं दारिद्र्याचं समर्थन बौद्ध देशांतही झालं. तेव्हा आत्मा मानला म्हणून माणूस आपोआप उदार होत नाही आणि नाकारला म्हणूनही होत नाही. सिद्धान्ताला विचारायचा प्रश्न असा : तुझ्यामुळे समोरच्याचं दुःख मला जास्त दिसतं की कमी?

किसा गोतमीला बुद्धानं मूठभर मोहरी आणायला सांगितलं, ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरातून. आत्म्याचा एक शब्द नाही, तरी सांत्वन झालं, कारण ती दारोदार फिरताना इतरांच्या दुःखापाशी पोचली. हे सांत्वन तिन्ही धर्मांतल्या माणसाला कळतं. कळण्यासाठी तिन्ही धर्म एकच आहेत असं म्हणावं लागत नाही.

तेव्हा शोकसभेत बोलायची वेळ आली तर एवढं करावं. ज्याच्या घरी गेलो त्याचा शब्द कोणता, हे आधी विचारून घ्यावं आणि तोच वापरावा. शेजाऱ्याचा फरक माहीत असणं हाही आदरच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.